आजींची सून

प्रियदर्शनीनं जिम लावली तेव्हा वजनबिजन काही तिच्या मनात नव्हतं. एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात ती बिलं करायला होती. रोज स्कुटीवरून विजापूर रोडनं जाताना तिला मोबाईलच्या दुकानावर पहिल्या मजल्याची ती पाटी दिसायची, 'फक्त महिलांसाठी'. खिडक्यांच्या काचांना आतून गुलाबी कागद चिकटवलेला होता. त्या कागदाआड बायका नेमकं करतात तरी काय, एवढ्याच कुतूहलानं ती एका सकाळी जिना चढली.

आत एक लांबरुंद खोली होती आणि खोलीत मशीनं गोलात मांडलेली होती. दोन मशीनांच्या मध्ये रबराचा एक चौकोन. मशीनवर थोडा वेळ हात नाहीतर पाय मारायचे, की स्पीकरवर गाण्याच्या मधेच एका बाईचा आवाज म्हणायचा, 'चेंज'. मग सगळ्यांनी एकेक जागा पुढं सरकायचं. मशीनवरची चौकोनावर येऊन जागच्या जागी पळायची, चौकोनावरची पुढच्या मशीनवर बसायची. असं फिरत फिरत दोन वेढे झाले की तास संपला. शिकवायला वैजयंती नावाची उंच मुलगी होती. शाळेत असताना ती खो-खो खेळलेली, केस बारीक कापलेले, आवाज खणखणीत.

पहिल्या दिवशी प्रियदर्शनीनं ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि आरशाकडं पाठ करून उभी राहिली. तास संपल्यावर भिंतीला धरून जिना उतरली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या वेण्या घालायला हात वरच होईनात. शहाजी, तिचा नवरा, हसला आणि त्यानंच दोन वाकड्यातिकड्या वेण्या घालून पोरीला शाळेत धाडलं. पण तिसऱ्या दिवशी ती परत गेली. मग रोजच जाऊ लागली.

तिथं तिला काय मिळत होतं ते तिला कुणाला नीट सांगता आलं नसतं. त्या तासात तिला कुणी आई म्हणत नव्हतं, वहिनी म्हणत नव्हतं, पाणी आलं का विचारत नव्हतं. वैजयंती तिला प्रियाताई म्हणायची. आणि मुख्य म्हणजे प्रियदर्शनीला ते जमत होतं. नवीन बाई आली की वैजयंती म्हणायची, "प्रियाताईंची पाठ बघा, कशी सरळ आहे. तसं बसायचं." ते एक वाक्य ती प्रसादासारखं जपून घरी न्यायची आणि दिवसभर पुरवायची.

घरात सासू होती, अंबुबाई. मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका वस्तीवर तिचं आयुष्य गेलेलं. नवरा ज्ञानू, मेंढरं आणि माळावरची ज्वारी, एवढाच तिचा संसार. ज्ञानू गेला, मेंढरं दिरानं घेतली आणि शहाजीनं आईला सोलापुरात आणलं. तिला जुळे सोलापूर वसाहतीतलं घर काही मानवलं नाही. ती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. विचारलं तर बोलायची, तेही 'व्हय' नाहीतर 'न्हाय'. सुनेला तिनं कधी नावानं हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर "अगं" म्हणायची, आणि तिच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचं झालं तर "शहाजीची बायकू". भांडण कधी झालं नाही. दोघी एकमेकींना वळसा घालून जात होत्या.

मग अंबुबाईचे गुडघे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, मांड्यांत ताकद आली पाहिजे, आजींना व्यायाम करायला लावा. शहाजी घरी येऊन सहज म्हणाला, "तुझ्याबरोबर घेऊन जा की आईला."

प्रियदर्शनीला ते नको होतं. तिथं सगळ्या तरण्या पोरी आहेत, मशीनं अवघड आहेत, म्हाताऱ्या माणसांना घेत नाहीत, असं तिला सुचलं तेवढं सगळं ती सांगून मोकळी झाली. शहाजी वीज मंडळात वायरमन होता. एखादी गोष्ट चालू की बंद हे स्वतः तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं वैजयंतीला फोन लावला. वैजयंती म्हणाली, आणा की, साठीच्या पुढच्या आणखी दोघी आहेत, हलकं हलकं करून घेऊ. शहाजीनं नव्या पेठेतून आईला पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. विषय संपला.

अंबुबाई नऊवारी नेसून, खाली ते पांढरे बूट घालून जिना चढली. दारात वाकून तिनं उंबऱ्याला हात लावला, पहिल्या मशीनला हात लावून कपाळाला लावला आणि मगच बसली. सगळ्या बायका बघत होत्या. प्रियदर्शनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मान खाली घालून पलीकडच्या टोकाला जाऊन व्यायाम करत राहिली.

अंबुबाईला एकही मशीन नीट आलं नाही. जे ओढायचं ते ती ढकलायची, जे ढकलायचं त्याला धरून बसायची. 'चेंज' झालं की उलटीकडं सरकायची आणि समोरून येणाऱ्या बाईवर आदळायची. चौकोनावर पळायचं तर ती नुसती डुलायची. एकदा समोरच्या जाड्या बाईला धडकून दोघी रबरावर बसल्या, तेव्हा अंबुबाई म्हणाली, "आमच्या मेंढ्या बी अशाच एकीमेकीवर पडायच्या, पर त्यास्नी कुनी गानं लावत नव्हतं." सगळी जिम हसली. वैजयंती तर भिंतीला टेकून हसली.

प्रियदर्शनी हसली नाही. तिनं आपल्या सासूच्या तोंडून एवढं लांब वाक्य त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते थांबलंच नाही. घरी भिंतीला टेकून बसणारी बाई तिथं पाऊल टाकलं की उमलायची. ही पोरगी कुणाची, तिचं माहेर कुठलं, हिच्या पायाला काय झालं, सगळं तिला ठाऊक. कुणाला 'बाय' म्हणायची, कुणाला 'माजी पोर'. कुणाच्या नवऱ्याची तक्रार ऐकून घ्यायची. एकदा मशीनवर पाय हलवता हलवता तिनं ज्ञानूची गोष्ट सांगितली. तो तिला बघायला आला तेव्हा तिच्या बापाच्या एडक्यानं त्याला मागून अशी धडक दिली की नवरदेव पाहुण्यांदेखत ओढ्यात, आणि तशाच ओल्या धोतरानं त्यानं "पोरगी पसंत हाय" म्हणून सांगितलं. बायकांचे व्यायाम थांबले. 'चेंज' झालं तरी कुणी हललं नाही.

घरी आल्यावर प्रियदर्शनीनं शहाजीला विचारलं, ओढ्याची गोष्ट तुला माहीत आहे का. त्याला माहीत नव्हती. आईनं असलं कधी काही सांगितलंच नाही, म्हणाला, आणि त्यालाही जरा वाईट वाटलेलं दिसलं. प्रियदर्शनीला वाटलं, घरातलं भांडं कुणी परस्पर बाहेर देऊन टाकावं तसं हे झालं. गोष्ट आपल्या घरची, आणि ऐकली कुणी? तर त्या जाड्या बाईनं.

आणि मग एक दिवस नवीन आलेल्या बाईनं तिच्याकडं बोट करून वैजयंतीला विचारलं, या कोण. वैजयंती म्हणाली, "या? आजींची सून."

प्रियाताईंची पाठ राहिली बाजूला. त्या दिवसापासून ती आजींची सून झाली. आजींची सून, जरा सरका. आजींची सून, आजी आज शेंगाचटणी आणणार होत्या ना. अंबुबाईनं खरंच डबाभर चटणी आणि कडक भाकरी नेऊन सगळ्यांना वाटली होती. ती चटणी कुटताना खलबत्त्याचा आवाज प्रियदर्शनीनं घरात ऐकला होता. आपल्यासाठी असेल असं तिला वाटलं होतं.

जळणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. आपली पाठ सरळ, आपले हात बरोबर, आपण एक दिवस चुकवला नाही; आणि जिला एक मशीन धड येत नाही तिच्यासाठी सगळ्या जागा करून देतात. ती मनातल्या मनात मोजदाद करायची, आज सासू कुणाशी किती बोलली, कुणाच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या स्वतःच्या पाठीवर तो हात लग्नातल्या आशीर्वादाखेरीज पडल्याचं तिला आठवत नव्हतं.

एका सकाळी ती मुद्दाम न सांगता निघाली. अंबुबाई न्हाणीत होती. प्रियदर्शनीनं स्कुटी फाटकाबाहेर ढकलत नेली आणि रस्त्यावर गेल्यावर चालू केली. जिममध्ये पाय ठेवला तर पहिला प्रश्न, "आजी कुठंयत?" गुडघे दुखतायत, ती म्हणाली. सगळ्यांचे चेहरे पडले. गाणी तीच होती, मशीनं तीच होती, पण तास कसा ओढूनताणून गेला. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं आणि त्यात काही चव नव्हती.

परत आली तर अंबुबाई पायरीवर बसलेली. पायात पांढरे बूट, नाडी बांधलेली. तिनं सुनेकडं बघितलं. वाकून नाड्या सोडल्या, बूट उचलले आणि आत गेली. प्रियदर्शनीला क्षणभर लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं तिलाच सांगितलं, गुडघे दुखत असले तरी आजींना असं घरी एकटं टाकून येऊ नका, आणि ती लाज होती तिथंच वाळून गेली.

याच सुमाराला सुकन्या परत येऊ लागली. सुकन्या म्हणजे माळशिरसकडची नवी लग्न झालेली मुलगी, त्यांच्या घरामागच्या गल्लीत राहायची. मध्यंतरी दिवस गेले म्हणून तिनं येणं बंद केलं होतं. आता आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. पोट पडलं होतं. घरात बसून डोकं फिरतं म्हणून डॉक्टरांना विचारून ती पुन्हा आली होती. पण एका मशीनवर बसली आणि उठून पडद्यामागं, जिथं बायका कपडे बदलत, तिथं गेली. थोड्या वेळानं हुंदके ऐकू आले. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. वैजयंतीनं गाणं बारीक केलं.

अंबुबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि पडद्यामागं गेली. पडदा अर्धाच सरलेला. प्रियदर्शनी अगदी समोरच्या मशीनवर होती. तिला सगळं दिसलं. सासूनं फरशीवर बसकण मारली, त्या पोरीचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि केसांतून बोटं फिरवायला लागली.

"रडून घे बाय," अंबुबाई म्हणत होती. "गेलेलं लेकरू बी लेकरूच असतंय. त्याच्यासाटी रडायचं न्हाय असं कुनी बी म्हनू नगं."

प्रियदर्शनीचे हात मशीनवर तसेच राहिले. स्पीकर 'चेंज' म्हणाला, पुढची बाई येऊन उभी राहिली, तरी ती उठली नाही. लेकीच्या पाठीवर तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात ते मूल गेलं होतं. त्या वेळी अंबुबाई वस्तीवरून आली होती, थोडे दिवस राहिली आणि परत गेली. त्या दिवसांत तिनं सुनेशी एक शब्द काढला नव्हता. जवळ बसणं तर लांबच. प्रियदर्शनी ते विसरली नव्हती. एका जागी घडी घालून ठेवलं होतं इतकंच. आता कुणीतरी ती घडी खसकन उलगडली. ज्या मांडीवर तिला कधी बोलावलं नव्हतं, त्या मांडीवर दुसरीच पोरगी डोकं ठेवून पडली होती. सुकन्येचं दुःख तिला दिसत होतं, कळतही होतं, आणि तरी तिला त्या मुलीचा भयंकर हेवा वाटत होता. इतक्या दुःखी मुलीचाही आपण हेवा करतो, हे बघून तिची तिलाच भीती वाटली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला. जाऊन बघते तर अंबुबाई कढईत डिंक तळत होती. शेजारी खोबरं किसलेलं, खारीक कुटलेली, गूळ चिरून ठेवलेला. शहाजी लेकीला घेऊन बाजारात गेला होता. घरात दोघीच.

"कुणासाठी?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"त्या सुकन्येला. अंगात रगत न्हाय पोरीच्या."

प्रियदर्शनी दाराच्या चौकटीला टेकली. बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण झारा कढईला लागल्याचा आवाज झाला आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले.

"माझं गेलं तेव्हा तुम्ही माझ्याजवळ बसला नाहीत."

अंबुबाईचा हात थांबला. डिंक फुलून वर आला होता, तो तिनं झाऱ्यानं काढून ताटात टाकला. मग गॅस बंद केला. प्रियदर्शनीला वाटलं, आता 'व्हय' म्हणेल आणि संपेल.

"न्हाय बसले," अंबुबाई म्हणाली.

"का?"

"तुजी आई हुती की." तिनं पदरानं हात पुसले. "तू तिच्या मांडीवर डोकं ठिवून पडली हुतीस. मी दारात आले हुते. दोनदा-तीनदा आले. तू डोळं मिटून घेतलंस. मला वाटलं, मी आत आले तर तू उटून बसशील, पदर सारका करशील. सासू आली म्हनून. मग रडायचं राहील तुजं. म्हनून मागं फिरले. भांडी घासली, धुनं धुतलं, दुसरं काय करनार?"

त्या दिवसांत घरातली भांडी कोण घासत होतं हे प्रियदर्शनीनं कधी विचारलंच नव्हतं. आईनं घासली असतील असं तिनं धरून चाललं होतं.

"खरं सांगू का," अंबुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला, "मला तुज्या आईचा लई राग आला हुता. बिचारी चांगली बाई. तिनं माजं काय बी वाकडं केलं न्हवतं. पर तिला सगळं जमत हुतं आनि मी आपली दारात. राग बी न्हवता तो. दुसरंच कायतरी हुतं. आत कसं पेटल्यावानी. त्याला काय म्हनत्यात मला ठावं न्हाय."

त्याला काय म्हणतात ते प्रियदर्शनीला चांगलं ठाऊक होतं. पण ते तिनं सांगितलं नाही. ती पुढं झाली, गूळ-खोबऱ्याचं पातेलं ओढून घेतलं, त्यात डिंक चुरून घातला आणि खाली बसून लाडू वळायला लागली. अंबुबाईही मांडी घालता येईना म्हणून पाटावर पाय लांब करून बसली. दोघी वळत राहिल्या. तिच्या गळ्यात पडावं, रडावं, असं प्रियदर्शनीला वाटलं नाही. खरं तर तिचा राग पुरता गेलेलाही नव्हता. दारातून मागं फिरायला नको होतं, एवढं तरी आत यायला हवं होतं, हे तिचं म्हणणं तसंच होतं. पण समोर बसलेल्या बाईचं तोंड तिला पहिल्यांदाच ओळखीचं वाटलं.

थोड्या वेळानं अंबुबाईनं सगळ्यात मोठा लाडू निवडून तिच्यापुढं सरकवला. "आदी तू खा," म्हणाली. "गोडाला बरं हाय का बग."

गोड जरा जास्त झालं होतं. प्रियदर्शनीनं तसं सांगितलंही. मग डबा भरून दोघी मागच्या गल्लीत सुकन्येकडं देऊन आल्या. सुकन्या अंबुबाईच्या पाया पडली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. प्रियदर्शनीला पुन्हा तसाच हेवा वाटला. पण या वेळी तिला भीती वाटली नाही. वाटू दे, म्हणाली मनाशी, आणि सुकन्येच्या सासूनं दिलेला चहा प्यायला बसली.

पुढच्याच आठवड्यात वैजयंतीनं तासाच्या शेवटी एक नवीन प्रकार घ्यायला सुरुवात केली. दोघी-दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकींची मनगटं धरायची आणि खुर्चीत बसल्यासारखं मागं झुकत खाली जायचं. एकीनं सोडलं की दुसरी पडणार. वैजयंतीनं जोड्या करा म्हटलं तशा चौघी-पाचजणी आजींकडं वळल्या. सुकन्या सगळ्यांच्या पुढं होती. अंबुबाईनं तिच्याकडं बघून हसत हात पुढं केलेही होते.

प्रियदर्शनी मधे शिरली आणि तिनं सासूची दोन्ही मनगटं धरली.

"सुकन्या, तू वैजयंती मॅडमना धर," ती म्हणाली. "या माझ्याबरोबर आहेत."

सुकन्या थोडी चकित झाली, मग बाजूला झाली. अंबुबाईनं सुनेकडं बघितलं. तिच्या हाताला ज्वारी काढून काढून घट्टे पडलेले, पकड अजून लोखंडासारखी होती. दोघी मागं झुकल्या. गुडघे कटकट वाजले. अंबुबाईचं तोंड वेडंवाकडं झालं.

"दुखतंय का?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"दुखनारच की. सोडू नगंस."

"नाही सोडत."

त्या खाली गेल्या, आणि वर येताना अंबुबाईचा तोल गेला, तशी प्रियदर्शनीनं तिला ओढून उभं केलं. बाकीच्या बायका हसल्या, आजीही हसल्या. सुकन्या पलीकडून बघत होती आणि तिला आपण मागं सारलं याचं प्रियदर्शनीला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. ही गोष्ट तिनं शहाजीलाही सांगितली नाही.

आता दोघी रोज एकाच स्कुटीवरून जातात. अंबुबाईचे गुडघे पुष्कळ सुधारले असं म्हणता येणार नाही, पण जिना ती कठड्याला न धरता चढते. उलटीकडं सरकायची सवय गेलेली नाही. घरी अजून ती फार बोलत नाही. मात्र भाकरी थापताना मधेच एखादी जुनी गोष्ट सुरू करते, तेव्हा लेक पाटी-पेन्सिल टाकून धावत येते आणि प्रियदर्शनी गॅस बारीक करते. तरीही एखाद्या सकाळी आजी त्या जाड्या बाईशी फारच रंगात येऊन बोलायला लागल्या, तर घरी आल्यावर प्रियदर्शनी अर्धा दिवस फुगून असते आणि आमटीत मीठ कमी पडलं म्हणून उगाच कुरकुर करते. अंबुबाई ते ओळखते. ती गुपचूप मीठ आणून पुढं ठेवते.